घाटातील आगगाडी आणि अनाम हात

जगातील निसर्गरम्य आगगाडी-प्रवासांची यादी करावयास बसले, तर काही नावे आपोआप ओठांवर येतात. मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत ९,२८८ किलोमीटर धावणारा ट्रान्स-सायबेरियन लोहमार्ग, कॅनडातील रॉकी पर्वत ओलांडून पॅसिफिक किनाऱ्याकडे उतरणारी गाडी, स्वित्झर्लंडमध्ये झेरमाटहून सेंट मॉरिट्झला जाणारी ग्लेशियर एक्स्प्रेस, आणि आपल्या देशातील दार्जिलिंग, निलगिरी व सिमला येथील डोंगरी रेल्वे. या तीन भारतीय मार्गांना युनेस्कोने अनुक्रमे १९९९, २००५ आणि २००८ साली जागतिक वारशाचा मान दिला.

या यादीत महाबळेश्वरचे नाव नाही. ते असण्याचे कारणही नाही, कारण महाबळेश्वरला आगगाडी कधी आलीच नाही. आजही येथे येणाऱ्या प्रवाशाला वाठार किंवा सातारा स्टेशनावर उतरून सुमारे साठ किलोमीटरची वाट मोटारीने चढावी लागते. तथापि, महाबळेश्वरचा इतिहास आणि सह्याद्रीतील आगगाडीचा इतिहास हे एकमेकांत इतके गुंतलेले आहेत, की एकाची कथा दुसऱ्याशिवाय पुरी होत नाही. ती कथा सांगण्याचा हा प्रयत्न आहे. ती सांगताना एक प्रश्न सतत समोर ठेवावयाचा आहे. खिडकीतून दिसणारा जो देखावा आपण डोळे भरून पाहतो, तो आपल्या दृष्टीस पडावा म्हणून डोंगर कोणी फोडला?

वाटेचा आरंभ

महाबळेश्वरच्या पठारावर वस्ती जुनीच. कृष्णेचा उगम, क्षेत्र महाबळेश्वर, प्रतापगड ही नावे इंग्रजांच्या आगमनाच्या कितीतरी आधीची. परंतु थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याची कीर्ती पसरली ती एकोणिसाव्या शतकात. १८२४ साली जनरल पीटर लॉडविक या ठिकाणी चढून आले. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी येथे आजारी गोऱ्या सैनिकांसाठी व अधिकाऱ्यांसाठी आरोग्यस्थान वसविण्याचे मनावर घेतले. १८२९ साली सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन वाई भागातील खंडाळा गावाच्या बदल्यात हा प्रदेश इंग्रजांकडे आला. नव्या पेठेला गव्हर्नरांचेच नाव पडले : माल्कम पेठ.

ठिकाण मिळाले, पण पोहोचावयाचे कसे? मुंबईहून एक वाट समुद्राची होती. गलबताने बाणकोटपर्यंत यावे, तेथून सावित्री नदीच्या पाण्याने महाडकडे सरकावे, मग पोलादपूर मागे टाकून पारच्या घाटाने वर चढावे. दुसरी वाट पनवेल, बोरघाट, पुणे आणि वाई अशी होती. धडधाकट माणूस घोड्यावरून येई. स्त्रिया, मुले व आजारी माणसे पालखीतून किंवा मेण्यातून येत. म्हणजेच ज्याला आरोग्य हवे, तो दुसऱ्याच्या खांद्यावरून या डोंगरावर पोहोचत असे. त्या भोयांची नावे कोठेही लिहून ठेवलेली नाहीत. आपल्या कथेतील हे पहिले अनाम खांदे.

बोरघाटातून चाकाचे वाहन जाऊ शकेल असा रस्ता १८३० साली खुला झाला, आणि तो खुला करणारे गव्हर्नर माल्कमच होते. महाबळेश्वर वसविणारा माणूस आणि बोरघाटाची वाट रुंद करणारा माणूस एकच असावा, हा निव्वळ योगायोग नव्हे. डोंगरावरचे सुख आणि डोंगर चढण्याची सोय या एकाच गरजेच्या दोन बाजू होत्या.

खुद्द महाबळेश्वरातील रस्त्यांची कथाही अशीच. १८३४ ते १८६४ या काळात येथे एक तुरुंग होता व त्यात पूर्वेकडील ब्रिटिश वसाहतींतून पाठविलेले चिनी व मलायी कैदी ठेवलेले असत. येथील रस्त्यांवर त्यांच्याकडून काम करवून घेतले जाई. बटाटे व विलायती भाजीपाला पिकविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आज पर्यटक ज्या झाडांच्या सावलीतून एका पॉइंटाकडून दुसऱ्या पॉइंटाकडे जातात, त्या वाटांमध्ये समुद्रापलीकडून बेड्या घालून आणलेल्या माणसांचा घाम मुरलेला आहे. पॉइंटांना गव्हर्नरांची, त्यांच्या कन्यांची आणि अधिकाऱ्यांची नावे मिळाली. कैद्यांच्या वाट्याला नाव आले नाही.

बोरघाटाचे आव्हान

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. अंतर अवघे २१ मैल. १८५४ साली गाडी कल्याणला पोहोचली, १८५६ साली घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला. इकडे घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ साली सुरू झाला. मधे उभा होता सह्याद्री. प्रवाशांनी खोपोलीला उतरावे, पालखीतून किंवा पायी घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसावे, अशी काही वर्षे व्यवस्था होती.

सह्याद्री ओलांडण्याची घाई कोणाला होती? निसर्गशोभा पाहणाऱ्याला नक्कीच नव्हती. घाई होती कापसाला. दख्खनचा व वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईच्या बंदरात येईपर्यंत मळे, भिजे, महाग होई. मँचेस्टरच्या गिरण्यांना तो स्वच्छ व वेळेवर हवा होता. दुसरी घाई लष्कराला होती, आणि १८५७ च्या उठावानंतर ती अधिकच वाढली. घाटातील गाडीचा जन्म व्यापाराच्या व राज्यकारभाराच्या पोटी झाला. सौंदर्य तिला वाटेत लाभले.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी मार्ग आखला. पळसदरीपासून घाटमाथ्यापर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटरच्या अंतरात गाडीला १,८३१ फूट उंची चढावयाची होती. काही ठिकाणी सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर असा चढ ठेवणे भाग पडले. लोखंडी रुळांवरील लोखंडी चाकाला हा चढ फार मोठा. त्यासाठी पंचवीस बोगदे खणावे लागले, आठ मोठे कमानपूल बांधावे लागले. एका जागी तर डोंगराने वळण घेण्याएवढी जागाच दिली नाही. तेथे गाडी एका टोकापर्यंत न्यावी, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकास लावावे आणि उलट दिशेने पुढचा चढ सुरू करावा अशी योजना केली गेली. हेच ते उलटफेरीचे स्टेशन. १९२९ साली नवा मार्ग होईपर्यंत ते वापरात होते.

हातांचा हिशोब

१८५६ च्या आरंभी कामास प्रारंभ झाला. डायनामाइटचा शोध अजून लागावयाचा होता. काळ्या पाषाणात हाताने पहारीने भोके पाडावयाची, त्यात सुरुंगाची दारू ठासावयाची आणि वात पेटवून पळावयाचे, अशी ती पद्धत होती. कड्याच्या अंगावर पाय ठेवावयास जागा नसे, तेथे माणसे दोरांनी वरून खाली सोडली जात आणि ती अधांतरी लोंबकळत खडक फोडीत. पाथरवट, वडार, बेलदार, गवंडी आणि घाटावरचे व कोकणातले शेतमजूर आपापल्या मुकादमाच्या मागून टोळ्यांनी आले. पुरुष खडक फोडीत, स्त्रिया व मुले डोक्यावरून दगडमाती वाहत. १८६१ साली या एका घाटावर राबणाऱ्यांची संख्या ४२,००० पर्यंत गेली होती. एखाद्या मोठ्या शहराएवढी ही वस्ती डोंगराच्या अंगावर फांद्या व गवत यांच्या झोपड्यांतून राहत होती.

पावसाळ्यात घाटातील काम बहुतेक थांबे. उन्हाळ्यात पाण्याचा तुटवडा पडे. गर्दी, घाण पाणी आणि उघड्यावरचे जिणे यांमुळे पटकी व ताप यांनी टोळ्याच्या टोळ्या उठून जात. या घाटात नेमकी किती माणसे दगावली याविषयी निरनिराळे आकडे सांगितले जातात. हजारो माणसे गेली, एवढे मात्र त्या सर्वांतून निश्चित दिसते.

मजुरीचा प्रश्नही बिकट होता. कंपनी पैसे देई कंत्राटदाराला, तो देई पोटकंत्राटदाराला, तो मुकादमाला, आणि शेवटी मजुराच्या हाती काय पडे ते त्याच्या नशिबावर. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून बोरघाटात मोठा दंगा झाला. संतप्त मजुरांनी युरोपीय देखरेख्यांवर हल्ला केला. त्याच वर्षी विल्यम फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल भारतात पाय ठेवल्यावर काही आठवड्यांतच आजाराने मरण पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी हे कंत्राट परत न करता ॲडॅमसन व क्लाउझर या अभियंत्यांच्या साहाय्याने पुरे करून घेतले. त्या काळात एका विधवेने एवढे धैर्य दाखवावे, ही गोष्ट खचितच स्मरणीय आहे. १८६० साली मालक व कामगार यांच्या तंट्यांविषयीचा कायदा सरकारने केला, त्यामागेही रेल्वेकामावरील असे तंटेच होते.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटाचा मार्ग खुला झाला. बर्कली तो दिवस पाहू शकले नाहीत. प्रकृती ढासळल्याने ते इंग्लंडला परतले होते व १८६२ सालीच त्यांचे निधन झाले. अभियंता, कंत्राटदार आणि गव्हर्नर यांची नावे इतिहासात नोंदली गेली, ते उचितच होय. पण ४२,००० मजुरांपैकी एकाचेही नाव आपणांस माहीत नसावे, हे मात्र मनाला बोचते.

एवढे करूनही डोंगर पुरता वश झाला नव्हता. जुलै १८६७ मध्ये घाटातील एक मोठा कमानपूल कोसळला व तो पुन्हा बांधावा लागला. घाटाला दरवर्षीच्या पावसात नव्याने राखावे लागते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

वाठार स्टेशन

बोरघाट खुला झाल्यावर महाबळेश्वरची वाट बदलली. मुंबईचा प्रवासी आता गाडीने पुण्यास येई आणि तेथून सुमारे पंचाहत्तर मैल टांग्याने वा बैलगाडीने कात्रज, खंबाटकी आणि पसरणी हे घाट चढून माल्कम पेठेत पोहोचे. गाडी जवळ आली होती, पण दारात नव्हती.

ती आणखी जवळ आली ती एका मोठ्या आपत्तीनंतर. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाला. धान्य एका ठिकाणी असताना दुसऱ्या ठिकाणी माणसे उपाशी मेली, कारण ते वाहून न्यावयास साधन नव्हते. जेथे धान्य होते, तेथेही ते विकत घेण्याची ऐपत गरिबाला नव्हती. १८८० च्या दुष्काळ आयोगाने लोहमार्ग वाढविण्यावर भर दिला. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली व त्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे, सातारा, मिरज, बेळगाव असा मीटरगेज मार्ग उभा राहिला. नीरा, लोणंद, सालपे मागे टाकीत, आदर्कीचा डोंगर चढून गाडी वाठारला येऊ लागली.

वाठार हे तसे लहान गाव. पण हंगामात त्याला महत्त्व येई. महाबळेश्वरला जाणारे साहेब, पारशी व गुजराती व्यापारी, संस्थानिक आणि त्यांचा लवाजमा येथे उतरत. स्टेशनाबाहेर टांगे उभे असत. सुमारे चाळीस मैलांची वाट, अधूनमधून घोडे बदलावयाचे, वाईला कृष्णेच्या काठी विसावा घ्यावयाचा, मग पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि तेथून महाबळेश्वर. पुण्याला गाडी बदलणे अपरिहार्य होते, कारण मुंबईकडील रूळ रुंद व मिरजेकडील अरुंद. तेथे प्रत्येक पेटी, प्रत्येक वळकटी हमालाच्या डोक्यावरून एका गाडीतून दुसरीत जाई. १९७१ पर्यंत पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला आणि हा अडसर संपला.

या मार्गाने सातारा-सांगलीचे जीवन बदलले. कुंडल रोड या एकाकी स्टेशनाजवळच्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला व पुढे त्या स्टेशनाचे नावच किर्लोस्करवाडी झाले. मिरजेत डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाची कीर्ती दूरवर पसरली, तीही आगगाडीने येणाऱ्या रुग्णांमुळे. पंढरपूरच्या वारकऱ्यांची लाडकी बार्शी लाईट रेल्वे १९२७ साली मिरजेला येऊन मिळाली.

आपल्या कॅथलिक कुटुंबांना या मार्गाची आणखी एका कारणाने ओळख आहे. १८७८ साली ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि त्यानुसार मुरगाव बंदरापासून ब्रागांझा घाट चढून कॅसल रॉकपर्यंत लोहमार्ग बांधला गेला. १८८८ साली तो ब्रिटिश हद्दीतील मार्गाला जोडला गेला. दूधसागर धबधब्याच्या तुषारांतून जाणारा हा घाट देखणा आणि तितकाच अवघड. १८७८ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेण्यास गेलेले भाविक जहाजाने, बैलगाडीने वा पायी गेले. १८९० च्या दर्शनसोहळ्याच्या वेळी मात्र आगगाडीचा मार्ग तयार होता. मुंबई-पुण्यात स्वयंपाकी, बेकरीवाले, वादक, कारकून म्हणून राबणाऱ्या गोवेकरांसाठी वाठार, सातारा, मिरज, लोंढा ही घराच्या वाटेवरची नावे झाली. १९५५ साली गोव्याच्या सीमेवर ही वाहतूक बंद पडली आणि १९६१ च्या मुक्तीनंतर पुन्हा वाट मोकळी झाली. मधल्या वर्षांत किती कुटुंबांची ताटातूट झाली, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे.

माथेरानचे भाग्य

मग महाबळेश्वरच्या डोंगरावर गाडी का चढली नाही, असा प्रश्न कोणी विचारील. माथेरानला तर ती चढली. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या खर्चाने नेरळ ते माथेरान ही दोन फूट रुंदीची रेल्वे बांधली. पुत्र अब्दुल हुसेन यांनी त्यात जीव ओतला. १९०४ साली सुरू झालेले काम १९०७ मध्ये पुरे झाले आणि सुमारे एकवीस किलोमीटरची ती नागमोडी वाट मुंबईकरांच्या आवडीची झाली. पण माथेरानच्या पायथ्याशी मुंबई-पुणे मार्ग होता. महाबळेश्वरच्या पायथ्यापासून जवळचे स्टेशन चाळीस मैल दूर, आणि मधे पसरणीची उभी भिंत. विसाव्या शतकात मोटार आली, तिने टांग्याची जागा घेतली. १९४८ नंतर एस.टी. आली. आगगाडीची उणीव हळूहळू जाणवेनाशी झाली.

जगाच्या पाठीवर

आता थोडे दूर पाहू. स्वित्झर्लंडमधील गॉटहार्डचा बोगदा १८७२ ते १८८२ या काळात खणला गेला. लांबी पंधरा किलोमीटर. मजूर बहुतेक इटलीतील गरीब कॅथलिक खेडुत. बोगद्यात उष्णता, धूर आणि गुडघाभर पाणी. अंकुशकृमीच्या रोगाने अनेकजण कायमचे खंगले. जुलै १८७५ मध्ये त्यांनी संप केला, तेव्हा गोळीबारात चार मजूर ठार झाले. कंत्राटदार लुई फाव्र हे स्वतः १८७९ साली बोगद्याची पाहणी करीत असताना आतच मरण पावले. बांधकामात सुमारे दोनशे मजुरांचे प्राण गेले.

त्या मजुरांच्या स्मरणार्थ व्हिन्चेंझो व्हेला या शिल्पकाराने १८८२ साली एक शिल्प घडविले : मृत साथीदाराला बाहेर नेणारे मजूर. बोगद्याला पन्नास वर्षे पुरी झाली तेव्हा, म्हणजे १९३२ साली, त्याची कांस्य प्रतिकृती बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी एरोलो स्टेशनाजवळ उभारली गेली. गाडीतून उतरणारा प्रवासी आल्प्सची शिखरे पाहतो, तसेच ते शिल्पही पाहतो. बोगदे खणणारे मजूर संत बार्बराला आपली संरक्षक संत मानतात. १ जून २०१६ रोजी त्याच पर्वताखालून सत्तावन्न किलोमीटरचा नवा बोगदा खुला झाला. त्याच्या कामात मरण पावलेल्या नऊ कामगारांचे त्या वेळी स्मरण करण्यात आले. दोनशेवरून नऊ. यंत्रे सुधारली हे एक कारण, आणि मजुराच्या जिवाचे मोल समाजाला थोडेफार कळू लागले हे दुसरे.

कॅनडाची कथा वेगळी. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी त्या रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला व त्या क्षणाचे छायाचित्र जगप्रसिद्ध झाले. पश्चिमेकडील अवघड डोंगरांत हजारो चिनी मजूर राबले होते. त्या छायाचित्रात त्यांपैकी कोणी नाही. त्याच वर्षी चिनी माणसांच्या कॅनडा-प्रवेशावर डोईपट्टी बसविण्यात आली. त्या अन्यायाबद्दल कॅनडाच्या सरकारने २००६ साली जाहीर क्षमा मागितली. आमच्या महाबळेश्वरचे चिनी कैदी येथे आठवल्यावाचून राहत नाहीत.

मे १८९१ या एकाच महिन्यात दोन घटना घडल्या. व्लादिवोस्तोक येथे ट्रान्स-सायबेरियन मार्गाचा शुभारंभ झाला, ज्यावर पुढे सैनिक व कैदी मोठ्या संख्येने राबविले गेले. आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेस पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावरील ‘रेरुम नोव्हारुम’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. मजूर ही विकत घ्यावयाची वस्तू नव्हे, त्याला न्याय्य वेतनाचा हक्क आहे, असे त्यात ठामपणे मांडले आहे. बोरघाटात मजुरीसाठी दंगा करणाऱ्यांना हे शब्द ऐकावयास मिळाले नाहीत. त्यांची मागणी मात्र तीच होती.

कोकणचे उदाहरण

आपल्या काळातील उदाहरण घ्यावयाचे तर कोकण रेल्वेचे घ्यावे. महाबळेश्वरच्या पश्चिम कड्यांवरून पाहिले असता खाली जे कोकण पसरलेले दिसते, त्यातूनच ती जाते. १९९० साली काम सुरू झाले व २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदाहून अधिक बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल. ई. श्रीधरन यांचे नेतृत्व आणि मधू दंडवते व जॉर्ज फर्नांडिस यांचा पाठपुरावा यांमुळे कोकणी माणसाचे जुने स्वप्न साकार झाले. पण येथेही डोंगराने बळी घेतलेच. ढिसाळ मातीतील बोगदे पुनःपुन्हा कोसळले. या कामात प्राण गमावलेल्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरीस श्रमशक्ती स्मारक उभारले आहे. बोरघाटाच्या काळापासून आपण एक पाऊल पुढे आलो, याची ती खूण होय.

मार्ग खुला झाल्यावरही काम संपत नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर दरड कोसळून गाडीला अपघात झाला व पन्नासच्या आसपास प्रवासी मरण पावले. पावसाळ्यात कोकणात आणि बोरघाटात रुळांवरून रात्रभर पायी गस्त घालणारी माणसे असतात. हातात दिवा, पाठीवर अवजारे, वर कोसळणारा पाऊस. एखादा दगड घरंगळलेला दिसला, तर गाडी थांबविण्याची जबाबदारी त्यांची. आपण गाडीत चादर ओढून झोपलेले असतो. कर्जतला मागून जोडली जाणारी इंजिने आपली गाडी घाटावर ढकलीत असतात, तेव्हाही कोणीतरी जागे असते.

पाहणे आणि ओळखणे

जून १९३० मध्ये दोन प्रसिद्ध गाड्या जन्मास आल्या. १ तारखेस मुंबई-पुणे दख्खनची राणी, आणि २५ तारखेस आल्प्समधील ग्लेशियर एक्स्प्रेस. २०२१ साली मुंबई-पुणे मार्गावरील गाड्यांना मोठ्या काचांचे व पारदर्शक छताचे डबे जोडले गेले. आता प्रवाशाला मान वर करून कडाही पाहता येतो. ही सोय स्वागतार्हच आहे. परमेश्वराने निर्माण केलेली सृष्टी पाहून मन प्रसन्न व्हावे, यात गैर काहीच नाही. परंतु काच कितीही मोठी केली, तरी तिच्यातून बोगद्याच्या भिंतीवरचे पहारीचे घाव आपोआप दिसत नाहीत. ते दिसावेत म्हणून आधी माहिती असावी लागते.

म्हणून, वाचकहो, एक विनंती करावीशी वाटते. सुटीत मुलाबाळांना घेऊन घाटातून प्रवास कराल, तेव्हा त्यांना बोगदे मोजावयास सांगाच, पण ते कोणी खणले हेही सांगा. नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांचे स्मरण करतो. ज्यांच्या नावाने मिस्सा वाहणारे कोणी उरले नाही, त्यांच्यात या घाटातील स्त्री-पुरुषांनाही स्थान द्यावे. ते आपल्या धर्माचे नव्हते, आपल्या जातीचे नव्हते, हा विचार तेथे आड येऊ नये. आपण त्यांच्या वाटेने चालतो, एवढे नाते पुरेसे आहे.

आणखी एक काम आपल्या हातातले आहे. आपल्या अनेक कुटुंबांत रेल्वेत गँगमन, फायरमन, गार्ड, फिटर किंवा हमाल म्हणून आयुष्य घालविलेले आजोबा आहेत, किंवा होते. वर्कशॉपच्या भोंग्यावर घरातील घड्याळ लावणाऱ्या आजी आहेत. आपल्या धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींबरोबर कोठे कोठे व्यवसायही लिहिलेला आढळतो, पण एका शब्दापलीकडे तो जात नाही. त्या शब्दामागची हकीकत सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. त्यांच्याजवळ बसावे, कोणत्या स्टेशनावर नोकरी होती, पगार किती होता, कोणत्या पावसात कोणती दरड कोसळली, कोण सोबती गेला हे विचारावे, आणि नाव, गाव, सालासकट वहीत लिहून ठेवावे. बोरघाटाच्या मजुरांसाठी हे कोणी केले नाही. आपल्या माणसांसाठी ते अजून करता येण्याजोगे आहे.